घे, बाळ

“तुम्ही लांब उभ्या राहा, ताई. आज त्यांचा हात कुणी धरायचा नाही,” अधिकारी बाईंनी सांगितलं, तशी ताई कँटीनच्या भिंतीला जाऊन टेकली. हात धरायचा नाही म्हटल्यावर आपल्या हातांचं करायचं काय, हे तिला कळेना. शेवटी तिनं ते ॲप्रनच्या खिशांत कोंबले.

जेवणाची वेळ होती. एरवी चार घास पोटात ढकलून उठणारी हॉस्पिटलची माणसं आज रिकाम्या ताटल्यांपुढे चिकटून बसली होती, कारण आज परीक्षा आहे हे सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. परीक्षा होती तिच्या धाकट्या भावाची, बाळची. बाळ म्हणजे हॉस्पिटलचा टेलिफोन ऑपरेटर. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर लख्ख टक्कल. पण टक्कल पडलं म्हणून घरचं नाव थोडंच गळून पडतं? तो जन्मापासून आंधळा होता. त्याच्या डाव्या हातात एक दांडी होती आणि ती दांडी शाईच्या पाठीवरच्या पट्ट्याला जोडलेली होती. शाई ही त्याला वाट दाखवणारी कुत्री. काळी कुळकुळीत, म्हणून शाई. तक्रारीच्या कागदांत तिला सगळीकडे ‘कुत्रा’ म्हटलं होतं, कारण खरा शब्द बायकांच्या देखत उच्चारायला कँटीनच्या मॅनेजरला अवघड वाटे.

तक्रार याच मॅनेजरवर होती. वाट दाखवणारा कुत्रा बरोबर असलेल्या आंधळ्या माणसाला, जिथं चार माणसं जातात अशा कुठल्याही दारात अडवता येत नाही, असा कायदा होता. मॅनेजरनं अडवलं होतं. दारावर ‘प्राण्यांना प्रवेश नाही’ अशी नवी कोरी पाटीही लावली होती. मग बाळनं अपंगांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या कचेरीत अर्ज दिला, आणि मॅनेजरनंही कुणाकडून तरी कायदा वाचून घेतला. त्याला त्यात पुढचं वाक्य सापडलं: कुत्रा मालकाच्या ताब्यात असला पाहिजे, नसेल तर बाहेर काढता येईल. तेवढं वाक्य तो घोकत बसला. ताबा आहे की नाही हे कागदावर कसं ठरणार, म्हणून अधिकारी बाई स्वतः बघायला आल्या होत्या. निकाल नुसत्या कँटीनचा नव्हता. आज इथं नको ठरलं तर उद्या वॉर्डांच्या वाटेवर नको, परवा इमारतीतच नको, असं वरचे साहेब बोलून दाखवत होते. मग बाळला शाई सोडावी लागली असती, नाहीतर नोकरी.

“चल,” बाळ म्हणाला, आणि शाई निघाली.

बघण्यासारखं होतं ते. खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या लांब पसरलेल्या पायांना वळसा घालून, ओल्या फरशीपाशी जरा दबकून ती त्याला घेऊन गेली. बाळला कुठं एका टेबलाची कड लागली नाही. मॅनेजरनं मुद्दाम एका खुर्चीखाली तळलेल्या माशाचा तुकडा टाकून ठेवला होता. शाईनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अधिकारी बाई हसल्या. मॅनेजरचा चेहरा पडला. जमलं आपल्या बाळला, असं ताईच्या मनात आलं, पण तिला हसू आलं नाही. ते कशामुळे, याचा विचार तिनं तेव्हा केला नाही.

काउंटरपाशी एक लहान मुलगी आईचं बोट धरून उभी होती. तिचा एक हात प्लॅस्टरमध्ये होता. वाढणारी बाई मोठी मायाळू. पोरीचा हात बघून तिला राहवलं नाही. तिनं एक गोड पाव उचलला, काउंटरवरून वाकून मुलीपुढे धरला आणि म्हणाली, “घे, बाळ.”

शाईनं कान टवकारले आणि ती वळली. बाळ अजून सरळच चालत होता, त्यामुळे दांडीला हिसका बसला, त्याचा पाय खुर्चीत अडकला आणि तो गुडघ्यांवर आला. पडता पडता त्याचा हात शेजारच्या टेबलावर आपटला, आणि तिथल्या म्हाताऱ्या पेशंटच्या पुढ्यातलं सूप त्याच्या मांडीवर सांडलं. तोवर शाई काउंटरपाशी जाऊन नीट बसली होती. पाव आता मुलीच्या हातात आला होता. शाईनं तो दात न लावता, अलगद काढून घेतला. मुलीनं भोकाड पसरलं.

“बघा,” मॅनेजर म्हणाला. “हा ताबा.”

सूप कोमट होतं. म्हातारबुवा स्वतःच असू दे, असू दे म्हणत मांडी पुसत होते. बाळ फरशीवर हात फिरवत दांडी शोधत होता. जन्मभर तो कुठं ठेचकाळला की जमिनीच्या आधी ताई पोचत असे. आज ती भिंतीपासून हलली नाही. अधिकारी बाईंनी लांब राहायला सांगितलं होतं म्हणून नव्हे. शाई का वळली, हे एवढ्या गर्दीत तिला एकटीलाच कळलं होतं.

ते शब्द तिचे होते.

शाळेत जायच्या वयापासून बाळचा हात ताईच्या डाव्या खांद्यावर असे. घरापासून शाळेपर्यंत, घरापासून बाजारापर्यंत, आणि नोकरी लागल्यावर घरापासून हॉस्पिटलपर्यंत. त्याला टेलिफोनवर घेताना साहेबांनी विचारलं होतं की याची ने-आण कोण करणार; म्हणून तीही तिथल्याच कपड्यांच्या खोलीत शिवणाला लागली. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे उसवलेले कोट, सगळं तिच्या मशीनखालून जाई. स्वतःचे कपडे शिवताना ती डाव्या खांद्याची शिवण जरा खाली घेई, कारण तो खांदा उतरलाच होता. लग्नाचं एकदा जुळत आलं होतं. तिकडच्यांनी ‘भावाचं काय’ असं विचारलं, हिनं ‘तो माझ्याबरोबर’ असं सांगितलं, आणि विषय तिथंच मिटला. लोक तिला आंधळ्याची काठी म्हणत. ती वरवर रागवे, पण मनातून तिला ते आवडे. काठीला निदान कुणाचा तरी हात लागलेला असतो.

कँटीनमध्ये दोघं शेजारी बसत. ती त्याचं अंडं सोलून, पाव मोडून त्याच्या हातात ठेवी आणि म्हणे, “घे, बाळ.” बाळ हातांनी काही अधू नव्हता. अख्ख्या हॉस्पिटलचे फोन जो नुसत्या बोटांनी जोडतो त्याला अंडं सोलता येत नाही असं कोण म्हणेल? पण सवय पडली होती, दोघांनाही.

मग शाई आली. तिच्याबरोबर चालायला शिकण्यासाठी बाळ आधी असे कुत्रे शिकवून तयार करणाऱ्या केंद्रात जाऊन राहिला, तेव्हा ताईला पहिल्यांदा कळलं की आपल्याशिवाय त्याला झोप लागते. तिला मात्र लागली नाही. नंतर केंद्राचा ट्रेनर घरी आला. बोलायला मऊ, नियमांना कडक. पट्टा घातला की शाई कामावर, तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही. खायला फक्त बाळ देणार, तिच्या भांड्यात, शिट्टी वाजवून. हातानं कधीच नाही, जेवणाच्या टेबलावरून तर मुळीच नाही. घरच्यांनी एवढं पाळलं तर ही चुकायची नाही, असं त्यानं बजावलं. ताईनं मान डोलावली आणि त्याला चहा दिला.

बाळ शाईबरोबर चालू लागला आणि ताई मागे पडली. अगदी खरोखरची मागे पडली. तो इतका झपाझप चाले की त्याला गाठताना तिला धाप लागे. इतकी वर्षं तो आपल्या पायांनी चालत होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. एक दिवस घरी जेवताना तिनं पाव मोडला तेव्हा त्यानं हात बाजूला घेतला.

“मी घेतो, ताई,” तो हसत म्हणाला. “शाईसमोर लाज वाटते मला. तीसुद्धा स्वतःचं स्वतः खाते.”

गंमतच केली होती त्यानं. तीही हसली. पण मोडलेला तुकडा तिच्या बोटांत तसाच राहिला. टेबलाखाली शाई पसरली होती. ताईचा हात खाली गेला आणि तोंडातून सवयीनं, पुटपुटल्यासारखं निघून गेलं, “घे, बाळ.” शाईनं तुकडा घेतला. तिच्या तोंडाची ओलसर ऊब बोटांना लागली. किती दिवसांत कुणी तिच्या हातून काही घेतलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. कधी अंड्याचा बलक, कधी बटाट्याची फोड. जन्मभर नियम पाळलेली माणसं नियम मोडतात तेव्हा फार नेटकेपणानं मोडतात. हात खाली नेताना ताई दुसऱ्या हातानं चमचा वाजवी, नाहीतर खोकल्याची ढास काढी. मुक्या जिवाला एक घास दिला तर कुठं आभाळ कोसळतंय, असं ती स्वतःला सांगे.

एवढंच असतं तर माया म्हणून सोडून देता आलं असतं. पण आणखीही एक होतं. बाळला कँटीनमध्ये अडवलं त्यानंतर मॅनेजर टेबलांवरची कापडं शिवून घ्यायला तिच्या खोलीत आला होता. तुम्ही त्याला हाताला धरून आणायचात तेव्हा मी कधी अडवलं का, तुमच्यासारखी बहीण असताना हे कुत्र्याचं खूळ कशाला, असं तो म्हणाला होता. सुईत दोरा ओवता ओवता ताई बोलून गेली, “माझं कोण ऐकतंय आता?” मॅनेजरनं ते अल्लाद उचललं आणि घरच्यांचाही विरोध आहे म्हणून कचेरीत सांगितलं. बाळनं विचारलं तेव्हा तिनं कानांवर हात ठेवले. खरं सांगायचं तर मॅनेजरनं अडवलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी बाळ जेवला नाही. टेबलाशी बसून तेच तेच उगाळत राहिला. दांडी सैल धरली का, काउंटरच्या फार जवळून नेलं का, सकाळी तिला पुरेसं फिरवलं नाही का. “माझाच हात ढिला पडला असणार,” तो म्हणाला. “ती अशी कधी वळत नाही गं.” ट्रेनरला त्यानं आपण होऊन फोन करून सगळं सांगितलं होतं. परवा अधिकारी बाईंच्या कचेरीत ट्रेनरही येणार होता, आणि दोष निघाला तर शाईला तिथूनच घेऊन जाणार होता.

“घेऊन जाणार म्हणजे?” ताईनं विचारलं.

“म्हणजे देतील कुणाच्या तरी घरी पाळायला. आणि मी परत तुझ्या खांद्यावर.” त्यानं हसायचा प्रयत्न केला. “तुझी काही सुटका नाही, ताई.”

तिच्या पुढ्यात उकडलेलं अंडं होतं. टेबलाखाली शाई आली, तिच्या पावलावर हनुवटी टेकून वाट बघत राहिली. आपलं काय चुकलं हे त्या बिचारीला कुठून कळणार? तिला शिकवलं होतं तेच तिनं केलं होतं. ताईनं पाऊल काढून घेतलं, तर ती सरकून पुन्हा जवळ आली. खाई त्याला खवखवे म्हणतात; इथं खाल्लं एकीनं आणि घास अडकला दुसरीच्या घशात. आत्ता बोल, आत्ताच बोल, असं ताई स्वतःला बजावत होती. पण बोलायचं तरी काय? लाडानं दिलं म्हणायचं, की ती बिघडावी म्हणून दिलं? याचं उत्तर तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच भीती जास्त होती. तिनं अंडं झाकून ठेवलं आणि भांडी घासायला घेतली.

कचेरीतली खोली लहान होती. टेबलापलीकडे अधिकारी बाई, अलीकडे चार खुर्च्या. बाळच्या पायाशी शाई पट्टा घालून पडली होती. मॅनेजर खुशीत होता, सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा. माझं काही त्या मुक्या जनावराशी वैर नाही, त्यानं सांगितलं. पण त्या दिवशी सूप होतं, उद्या उकळती किटली असली तर? प्रश्न काही खोटा नव्हता. अधिकारी बाईंनीही तो लिहून घेतला.

ट्रेनर मघापासून शाईकडे बघत होता. खाली पडलेला मासा जिनं हुंगलासुद्धा नाही ती हातातल्या पावासाठी वळते, म्हणजे तिला हातानं खायची सवय लागली आहे, असं तो म्हणाला. आणि नुसती हातानं नाही. कुणीतरी काहीतरी बोलून तिला देतं आहे.

“घरी कोण देतं तिला?” त्यानं बाळला विचारलं.

बाळनं दांडी मुठीत घट्ट धरली. मग म्हणाला, “मीच.”

“तुम्ही?”

“हो. मोह होतो. मीच देत होतो.”

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून त्याला खोटं बोलणं जमत नसे, आणि पन्नाशीत येऊन तो तिच्यासाठी, सरकारी कचेरीत, ते करायला बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं तर.

ट्रेनरनं सुस्कारा सोडला. मालकानंच नियम मोडला तर कुत्रा काढून घ्यायचा, असा केंद्राचा दंडक होता. मालकाचीच चूक असेल तर माझे हात बांधलेले आहेत, तक्रार टिकणार नाही, असं अधिकारी बाईही म्हणाल्या, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“मी,” ताई म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं घसा खाकरला. “मी देत होते. तो नाही.”

“ताई, गप्प बस.”

“किती गप्प बसू?”

मॅनेजरनं मध्ये तोंड घातलं. भावाला वाचवायला बहीण काहीही बोलेल, त्याला काय पुरावा, असं त्याचं म्हणणं पडलं. तेव्हा ताईनं पुरावा दिला. बसल्या जागी तिनं रिकामा हात गुडघ्याखाली नेला, आणि जेवणाच्या टेबलाशी लागायचा तसल्या हलक्या आवाजात ते दोन शब्द म्हणाली.

शाई उठली. पट्टा पाठीवर होता, दांडी बाळच्या हातात होती, तरी उठली. दांडी त्याच्या बोटांतून निसटली. ताईपुढे येऊन ती नीट बसली आणि तिनं त्या हाताला तोंड लावलं. हातात काही नाही हे कळल्यावरही ती तिथंच बसून राहिली. मॅनेजरनंसुद्धा नजर खिडकीकडे वळवली.

“यात तिची चूक नाही,” ताई म्हणाली. “बाळची पण नाही. तिच्याशी त्याचं जमलं, ते मला सोसवलं नाही. मला माझा भाऊ परत हवा होता.”

अधिकारी बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी सांगितलं की त्या दिवशी कुत्रा ताब्यात नव्हता हे खरं, पण ते तिसऱ्याच माणसाच्या लुडबुडीमुळे, आणि तेवढ्यावरून बाळचा हक्क जात नाही. शाईला केंद्रात परत शिकवावं, मग कँटीनमध्ये पुन्हा बघू. पाटी मात्र आजच उतरवायची. मॅनेजरनं मुकाट्यानं मान हलवली.

ट्रेनरचं अजून संपलं नव्हतं. ताईकडे न बघता तो बोलू लागला, आणि ते चांगुलपणानंच. सवय मोडता येईल, म्हणाला. पण शाई ज्या घरात परत जाईल त्या घरात हा आवाज असून चालायचं नाही. तेच टेबल, तेच जेवण, तोच आवाज. चार दिवसांत सगळं शिकवलेलं पाण्यात. निदान वर्षभर तरी हा आवाज तिच्या कानावर पडता कामा नये. तशी सोय होणार नसेल तर केंद्र शाईला परत देणार नाही.

“मग ठेवून घ्या तुमच्याकडे,” बाळ म्हणाला. “बहिणीला कुठं घालवू मी?”

आणि ताईला आनंद झाला. मनापासून, लहान मुलीला होतो तसा आनंद. उद्यापासून पुन्हा खांद्यावर हात, पुन्हा शेजारी ताटली, पुन्हा सगळं पहिल्यासारखं. तो आनंद तिनं ओळखला मात्र, आणि तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिला बसवेना. ती उठून खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. बाळ मान खाली घालून बसला होता. दांडी निसटलेला हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता.

“मी जाते,” ती म्हणाली. “नर्सांच्या होस्टेलात मला खोली मिळेल. तिला येऊ दे घरी.”

ट्रेनर शाईला गाडीत घालून घेऊन गेला. घरी जायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून बाळनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

“कधीपासून ठाऊक होतं तुला?” वाटेत तिनं विचारलं.

“पहिल्यापासून. जेवण झालं की ती माझं तोंड चाटायला यायची ना. अंड्याचा वास मारायचा.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझ्या हातचं घ्यायचं मी बंद केलं, ताई. त्या दिवशी तू हसलीस, तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, तिला तरी घेऊ दे.” जरा चालून तो पुढे म्हणाला, “मी कचेरीत अगदीच खोटं नव्हतो बोललो.”

पुढं रस्ता उंच झाला होता. “पायरी,” ती म्हणाली, आणि त्यानं पाय उचलला.

शाई परत आली तोवर ताईनं घर सोडलं होतं. होस्टेलची खोली लहान होती, खिडकी भिंतीसमोर उघडत होती, पण बाईमाणसाला एकटीला किती जागा लागते? दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती कपड्यांच्या खोलीतून बाहेर पडली नाही. शाई पास झाल्याचं वाढणाऱ्या बाईनंच येऊन सांगितलं. त्या दिवशी मुद्दाम चौघापाचजणांकडून तिला हाका मारवल्या, पण पठ्ठीनं मान वळवली नाही म्हणे. आता तर मॅनेजर बाहेरच्या माणसांना शाई कौतुकानं दाखवू लागला, जशी काही त्यानंच ती लहानाची मोठी केली.

रोज दुपारी कपड्यांच्या खोलीतला फोन वाजे. ऑपरेटरच्या टेबलाखाली शाई असे, पण फोनमधला आवाज फक्त बाळच्या कानात पडत असे. तेवढी एक वाट ट्रेनरच्या नियमात मोकळी राहिली होती. काय खाल्लंस, शर्टाचं बटण आहे का जागेवर, असलंच बोलणं. आज टरफल दातांखाली आलं, असं तो एकदा म्हणाला आणि दोघंही खूप हसली. फोन ठेवल्यावर मशीनचं चाक फिरवायला तिला जरा वेळ लागे.

ती त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा टाळत असे. पण एका सकाळी धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत ती तळमजल्याच्या अरुंद वाटेनं चालली होती आणि समोरून ते दोघं आले. बाळ त्या दिवशी लवकर निघाला होता. गाडी मागं फिरवायला जागा नव्हती. तिनं ती भिंतीला लावली, चादरींच्या ढिगाआड उभी राहिली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

शाईनं नाक वर केलं. तिची पावलं मंदावली. ती ताईकडे बघत होती, शेपूट थोडं हललंही. ताईनं चादरींवर नजर रोखली. ती हलली नाही, तिनं श्वाससुद्धा घेतला नाही. शाईनं मान सरळ केली आणि ती चालू लागली.

वाट अरुंद होती. जाता जाता बाळचं कोपर गाडीला घासलं आणि वरची एक चादर घसरली. तो थांबला. त्यानं अंदाजानं हात पुढे करून ती चादर चाचपली, नीट ढिगावर ठेवली, आणि परक्या माणसाशी बोलतात तसं अदबीनं म्हणाला, “माफ करा हं. तुम्हाला लागलं नाही ना?”

ताईनं नाही म्हणून मान हलवली. उत्तराची वाट बघत तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग शाई त्याला पुढे घेऊन गेली.